हेतलने चुकावं म्हणून

तलासरीकडून फोन आला की मी अजूनही आधी भिंतीकडे बघते आणि मग फोन उचलते. सवयच होऊन गेली आहे. गेल्या महिन्यात त्या दुपारी मी चिंचणीला माहेरी होते. भावजय बांबूंवर वाळत घातलेले बोंबील उलटेपालटे करत होती आणि मी सावलीत बसून तिला कामात मदत करण्याऐवजी सल्ले देत होते. भिंत जवळपास कुठेच नव्हती, तरी मान वळलीच. फोनवर आमच्या शाळेतले जुने शिपाई काशिनाथ होते. "बाई..." म्हणाले आणि थांबले. मी विचारलं, "किती मोठा होता? कुणाला लागलं का?" मग ते म्हणाले, "धक्का नाय बाई. भोये सर गेले. छातीत दुखतंय म्हणाले, डहाणूला नेईपर्यंत संपलं." खरं सांगते, पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं. भूकंप नाही ना, मग ठीक. त्यानंतर बाकीचे शब्द डोक्यात शिरले. त्या हायसं वाटण्याची लाज महिना उलटला तरी जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

भोये सर आणि मी एका शाळेत बारा वर्षं होतो. झरीच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला आमची शाळा. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. सर तिथलेच. घरची भातशेती, वर उतारावर थोडी नाचणी, त्यामुळे आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत प्रार्थनेला उभे राहायचे तेव्हा पँटच्या कडांना चिखल असायचा. मी किनाऱ्यावरची, त्यामुळे त्यांच्या लेखी मी कायम 'समुद्रवाल्या बाई'. डब्यात सुकट असली की ते वर्गाच्या दारातूनच नाक उडवून सांगायचे, "आज भरती आहे वाटतं." मीही कमी नव्हते, नाचणीच्या भाकरीला मी पाटीपुसणं म्हणायचे. पण दुपारी डबे उघडले की अदलाबदल ठरलेली.

सरांचं एक खूळ होतं. नववीच्या प्रत्येक मुलाने वर्षभर एक वही चालवायची. प्रश्न त्याचा त्याने शोधायचा, उत्तरही त्यानेच काढायचं. आमच्या विहिरीचं पाणी कधी खाली जातं? मुंग्या कुठल्या भिंतीने चढतात? असे साधेच प्रश्न. सर दर शनिवारी एकेकाला समोर बसवून वही वाचायचे आणि फक्त उलटे प्रश्न विचारायचे. पोरं रडकुंडीला यायची. "सर, तुम्हाला माहितेय ना, मग सांगा ना!" यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "मला येत असलं तरी नाही सांगणार." मला सुरुवातीला हा सरळ कामचुकारपणा वाटायचा आणि मी तसं तोंडावर म्हटलंही होतं. ते हसले होते.

मग एका वर्षी दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. ज्यांनी ते दिवस काढले नाहीत त्यांना मी काय सांगू? एक मोठा भूकंप येतो आणि जातो, तसं ते नव्हतं. रोज, कधी दिवसातून तीनतीनदा. आधी खालून गुरगुर, लांब कुठेतरी सुरुंग लावल्यासारखी, आणि मग फळीवरची भांडी वाजायची. आम्हा कोळ्यांना भीती नवी नाही, पण आमच्या भीतीला दिशा असते. पश्चिमेकडे बघायचं, होडी दिसते का बघायचं, आभाळ बघायचं. इथे कुठे बघायचं? जिच्यावर उभं राहून देवाचा धावा करायचा तीच हलते. मी गावात एक खोली भाड्याने घेतली होती. त्या खोलीत मी कडी लावणं बंद केलं, वेणीसुद्धा दारात उभी राहून घालायला लागले. शेजारच्या कोंबड्यांनी पंख फडफडवले तरी माझे पाय बाहेर. सर मात्र वर्गात हादरा बसला की मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे आणि मधल्या सुट्टीला सोडावं तशा आवाजात म्हणायचे, "चला, बाहेर." भीती नावाचा अवयवच या माणसाला नाही असं मी सगळ्यांना सांगायचे.

मुलांनी आपोआपच वह्यांमधले प्रश्न बदलले. विहिरी आणि मुंग्या मागे पडल्या. एकजण भिंतीच्या भेगेवर पेन्सिलीने खुणा करू लागला, एकजण कुत्रा आधी भुंकतो का हे बघू लागला. सरांनी एकच नियम घातला, आधी बाहेर, मग वही. हेतल नावाची मुलगी होती, बारीक, वेणीचं टोक सतत चघळणारी. तिची आई सीमेपलीकडची, गुजराती बोलणारी, त्यामुळे हेतलच्या बोलण्यात आणि लिहिण्यात दोन्ही भाषा सुखाने नांदायच्या. तिचा प्रश्न फार चांगला होता, आवाज आधी येतो की हादरा आधी? दर शनिवारी मुलांच्या नोंदींचा एक मोठा कागद फाटकाजवळच्या भिंतीवर लागायचा, पालकांनी येताजाता वाचावा म्हणून. तो लावण्याआधी शुद्धलेखन तपासायचं काम माझं.

एका शनिवारी हेतलच्या नोंदीचं मथळ्याचं वाक्य होतं, 'कालनो मोटो धक्को'. शुक्रवारच्या धक्क्याबद्दल लिहिलं होतं तिने. मी खालचे ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि मथळा तसाच ठेवला. पोरीची बोली आहे, गोड दिसते, राहू दे. इतकाच विचार केला मी. चिंचणीच्या बाजारात गुजराती गिऱ्हाइकांशी घासाघीस करून वाढलेली बाई मी, मला ठाऊक होतं की गुजरातीत 'काल' मागचाही असतो आणि पुढचाही. येऊन गेलेला दिवस आणि येणारा दिवस, दोघांना एकच शब्द. पुढे क्रियापद आलं म्हणजे कळतं कुठला ते. आणि जन्मभर पोरांना 'क्रियापदाशिवाय वाक्य लिहू नका' म्हणून छळणाऱ्या माझ्या डोळ्यांखालून क्रियापद नसलेला तो मथळा गेला.

कुणीतरी तेवढ्याच ओळीचा फोटो काढला. खालचा तक्ता कापला गेला. दुपारपर्यंत तो फोन-टू-फोन सीमेवरच्या सगळ्या पाड्यांत, थेट किनाऱ्यावरच्या झाईपर्यंत फिरला. शाळेच्या भिंतीवर मास्तरांनी लिहिलंय, उद्या मोठा धक्का! सर मोटरसायकल काढून पाड्यापाड्यावर गेले, "तो काल होता, काल! येऊन गेला!" असं घसा फोडून सांगितलं. लोक म्हणाले, "बरं गुरुजी," आणि ताडपत्र्या बांधायच्या थांबले नाहीत. सगळ्यांनी रात्र उघड्यावर काढली. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, जेवणाच्या वेळेला तो आला. तोवरचा सगळ्यात मोठा. आमच्या शाळेच्या व्हरांड्याचा एक खांब तडकला, कौलं घसरली, आणि हेतलच्या घराची मागची भिंत आतल्या बाजूला, चुलीवर कोसळली. सगळे बाहेर होते म्हणून कुणाला खरचटलंही नाही. मी रस्त्याच्या मधोमध उभी होते. धूळ खाली बसत होती आणि माझ्या मनात एकच गोष्ट आली, पोरीला कळतं. मी, एम. ए. झालेली बाई. मला तसं वाटलं, ते मी आज कबूल करते.

मला वाटलं तर गावाला का वाटू नये? सोमवारी सकाळी हेतलच्या दारात नारळ घेऊन माणसं उभी होती. "बाय, उद्याचं सांग. पोरांना घरात निजवू का भायेर?" एकाला लग्नाचा मांडव घालायचा होता, त्याला तारीख हवी होती. हे झाले भाविक. दुसरे होते ते जास्त वाईट. ते लांबून बघायचे आणि पोरीची जीभ काळी आहे म्हणायचे. ही बोलते म्हणून येतो. पाणवठ्यावर ती आली की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. चौदा वर्षांची पोर ती. तिने 'काल' आणि 'उद्या' हे दोन्ही शब्द तोंडातून काढणं बंद केलं, मग हळूहळू सगळेच. हजेरीला नुसता हात वर करायची. एकदा वर्गात गुरगुर झाली तेव्हा तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं, जणू आवाज तिथून येत होता. ते बघून मी हादरले. जमीन हलली म्हणून नव्हे. ही पोर आता कायमची अशीच राहणार आणि हे माझ्या आळसापायी झालं, या भीतीने.

मी सरांकडे गेले. म्हटलं, "चूक माझी आहे, मी मुख्याध्यापकांना लिहून देते." ते म्हणाले, "बाई, कागद माझ्या प्रकल्पाचा. खाली सही माझी. तुम्ही मधे पडू नका." वरून पत्र आलं, प्रकल्प बंद करा, संबंधितांनी खुलासा द्यावा. खुलाशात सरांनी माझं नाव कुठेच घेतलं नाही. मी त्याला विरोध केला का? नाही केला. मला नोकरीची भीती वाटली. गेली कितीतरी वर्षं हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. इथे लिहिते आहे.

प्रकल्प बंद झाला, पण सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "वर्गाचा बंद. एका मुलीने स्वतःच्या वहीत काय लिहावं याबद्दल यात काही नाही." हेतलची आई शाळेत येऊन त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिली होती, "मारी छोकरीने हवे छोडी दो, साहेब," माझ्या पोरीला आता सोडा म्हणून. सरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आपलं म्हणणं तिला समजेल अशा तोडक्यामोडक्या गुजरातीत सांगितलं. मुलीने रोज शाळा सुटताना फाटकाजवळच्या लहान फळ्यावर एकच शब्द लिहायचा. 'येणार' किंवा 'नाही'. दुसऱ्या दिवशी भांडी वाजली तर आला, नाही वाजली तर नाही आला. मग शेजारी, सगळ्यांसमक्ष, बरोबर किंवा चूक. तेच वहीत उतरवायचं. वर्ष संपेपर्यंत. एक शब्द बोलायचा नाही, बोलायला सांगायचंही नाही.

मला हे वेड वाटलं. "आणि ती बरोबर ठरत गेली तर?" मी विचारलं. पहिल्या आठवड्यात ती एक दिवस वगळता रोज बरोबर ठरली. ठरणारच, जमीन जवळपास रोजच हलत होती आणि ती रोज 'येणार' लिहीत होती! फाटकाजवळ गर्दी वाढली. 'येणार' दिसलं की बायका तिथूनच घरी धावत सुटायच्या. हेतल खडू खाली ठेवायची आणि कुणाकडेही न बघता निघून जायची. दुसऱ्या आठवड्यात मी सरांना प्रयोगशाळेत गाठलं आणि चक्क भांडले. म्हटलं, "सर, थांबवा हे. पोर मरेल घाबरून. लोक उद्या तिला देवी करतील नाहीतर दगड मारतील."

ते परीक्षानळ्या पुसत होते. म्हणाले, "आता थांबवलं तर ती जन्मभर बरोबर राहील, बाई. तिला चुकायला पाहिजे. पुष्कळ वेळा. लोकांच्या देखत."

"आणि नाही चुकली तर?"

"मग... मग मलाही माहीत नाही," ते म्हणाले. बारा वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं होतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सकाळी उठल्यावर देवाकडे मी रोज एकच मागायचे, हेतल चुकू दे. 'येणार' असेल तर येऊ नको देऊस, आणि 'नाही' असेल तर... तर काय? तर भांडी वाजू दे? असंही मागितलं मी. भूकंप व्हावा म्हणून नवस बोलणारी जगात मी एकटीच असेन.

थंडी वाढली आणि हळूहळू फळ्यावर 'नाही' जास्त दिसू लागलं. आणि ती चुकू लागली. 'नाही' लिहिलेलं आणि सकाळी भांडी खणाखणा. पुन्हा 'नाही', पुन्हा खणाखणा. संक्रांतीच्या सुमारास पहिल्यांदा फाटकाजवळ हसू ऐकू आलं. एक म्हातारबाबा फळा वाचून बायकोला म्हणाला, "हेतलनी नाय लिवलंय, चल, गोधड्या भायेर काढ!" सगळे हसले. मी हेतलकडे बघितलं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, बस्स, तेवढंच. मी स्टाफरूममध्ये जाऊन दाराआड रडले. पुढे पुढे तर ती चुकली की पोरं टाळ्या वाजवायची. नारळ बंद झाले. पाणवठ्यावर बायका तिला खिजवायला लागल्या आणि खिजवणं म्हणजे जवळ घेणंच असतं आमच्याकडे. होळीपर्यंत ती तोंडाने बोलायला लागली, आधी आईशी, मग माझ्याशी. वर्षाअखेरीस प्रत्येकाने उभं राहून वहीचं उत्तर सांगायचं असतं. प्रकल्प बंद असूनही सरांनी एका दुपारी झाडाखाली सगळ्यांना बसवलं. हेतल उभी राहिली, वही उघडली, आणि म्हणाली, "चुका जास्त आहेत. मला माहीत नाही कधी येणार." आणि खाली बसली. माझ्या नोकरीत मी ऐकलेलं ते सगळ्यात सुंदर भाषण. सरांनी वहीवर पूर्ण गुण दिले आणि तारीख घातली.

पुढे माझी बदली डहाणूला झाली, सर निवृत्त झाले. जमीनही शांत झाली, म्हणजे पुष्कळशी. फोनवर बोलणं व्हायचं. शेवटचं बोलणं नाचणीच्या पिठाबद्दल होतं. पाठवतो म्हणाले होते.

दहाव्याला पोचता आलं नाही, म्हणून गेल्या रविवारी दुपारून त्यांच्या घरी गेले. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, ओसरीवर बसल्या होत्या. त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेलेली मुलगी कप घेऊन बाहेर आली तेव्हा मला कळलं ती हेतल. आता डहाणूत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरांच्या घरापासून एक शेत ओलांडलं की तिचं घर, सुट्टीत ती वहिनींकडेच असते. बोलता बोलता विषय त्या हिवाळ्यावर गेलाच. मी म्हटलं, "वहिनी, काय धीराचा माणूस. आम्ही सगळे पळत होतो आणि सर घड्याळ बघायचे." वहिनी पदर तोंडाशी धरून हसल्या की रडल्या, मला कळेना. "धीराचे? ही फळ्यावर 'येणार' लिवायची ना, त्या दिवशी घरी आले की पहिली खाट उचलून अंगणात. मला म्हणायचे, उकडतंय. पुसाच्या थंडीत उकडतंय! मी बाय आतच निजायची. हे पार डोक्यावरून गोधडी घेऊन भायेर. वरून मला सांगायचे, कुणाला बोलू नको."

अंगणात कडेला एक खाट होती, सुंभ सैल पडलेला. मघाशी तिला वळसा घालून आले होते, आता ती मला नीट दिसली. म्हणजे सरांनाही वाटायचं, पोरीला कळतं. प्रयोगशाळेत नळ्या पुसत मला धीर देणारा माणूस घरी येऊन अंगणात झोपत होता. मला त्यांचा राग आला, आणि इतकी माया आली की डोळ्यांपुढचं दिसेनासं झालं. मी हेतलला म्हटलं, "ऐकलंस? तुझे सर तुला घाबरत होते."

ती कप गोळा करत होती. वर न बघता म्हणाली, "मला तेव्हाच माहीत होतं, बाई. सकाळी मी दूध घालायला यायची ना इथे. खाट भायेर, गोधडी दवाने ओलीकच्च, आणि सर खोकत बसलेले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दोनचारदा बघितलं, मग मी 'नाही' लिवायला लागले. सरांनी घरात निजावं म्हणून."

त्या हिवाळ्यात सर सारखे खोकायचे, ते मला आठवलं. खडूची धूळ सोसत नाही म्हणून मी त्यांना चिडवायचे. मला एवढंच विचारता आलं, "आणि तुला खरं काय वाटायचं? येणार की नाही?"

"मला?" ती म्हणाली. "मला रोजच वाटायचं, येणार."

"मग सर आत झोपलेले असताना..."

"मी जागी असायची, बाई. आमच्या अंगणातून सरांचं घर दिसतं. गुरगुर ऐकली असती तर धावत येऊन दार ठोकलं असतं."

ऊन कलायला लागलं होतं. हेतलने कप आत ठेवले, पदराला हात पुसावेत तसे ओढणीला पुसले आणि अंगणात जाऊन दव पडायच्या आत खाट आत घ्यायला वाकली. खाट जड होती. मी उठले आणि दुसऱ्या बाजूने धरली.